बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या: वही-पेन्सिलीने फोडायची कशी?

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

ही संख्या मोठ्याने वाचायला सांगितली तर बहुतेक जण आधी अंक मोजायला लागतात. मोजा, वीस भरतात. या लेखात आपण ती पूर्ण फोडणार आहोत. तिचे सगळे मूळ अवयव काढायचे, एकूण विभाजक किती ते सांगायचं, आणि शेवटी उरलेला मोठा अवयव खरंच मूळ संख्या आहे हेही आपल्या हातांनी तपासायचं. लागणारं गणित आठवी-नववीतलंच: विभाज्यतेच्या कसोट्या, भागाकार आणि दोन विस्तारसूत्रं. चौकटींची वही घ्या, म्हणजे अंक एकाखाली एक राहतात. एक निवांत दुपार पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोठी संख्या समोर आली की नवखा माणूस २, ३, ५, ७, ११ असं भागतच सुटतो. थोडा वेळ ते बरं वाटतं, मग हात दुखतो. ही संख्या आली कुठून, तिचं कूळ काय, हे विचारलंत तर तासाभराचं काम पाच मिनिटांत होतं. ते का, हे पुढे दिसेलच.

आधी नीट लिहून घ्या

उजवीकडून तीन अंक सोडून पहिला स्वल्पविराम द्या, मग दोन-दोन अंकांवर:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

अब्जाच्या पुढची नावं आपण हल्ली वापरत नाही, पण ती आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिलेली आहेत: अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे ही यादीसुद्धा तिला दोन घरं अपुरी पडते. तरी वाचता येते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५. निखर्वाच्या जागी शून्य आहे, म्हणून ते नाव गळलं.

मोबाइलवरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ही संख्या टाकू नका. तो सुरुवातीचे काही अंक दाखवून बाकीचे गिळतो. एक्सेल तर आणखी घातक आहे, कारण ते पंधरा अंकच धरून ठेवतं आणि पुढच्यांची शून्यं करतं. तुम्ही टाकता …०९५५१६१५ आणि आत बसते …०९५०००००. मग ‘हिला १०ने भाग जातो’ असा शोध लागतो! पडताळणीसाठी संगणक हवाच असेल तर पायथॉन ही संगणकभाषा वापरा, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो.

मग ती स्वतः तयार करा

गोष्ट तुम्हाला माहीत असणार. बुद्धिबळ शोधणाऱ्याने राजाकडे बक्षीस मागितलं: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुपटीने चौसष्टाव्या घरापर्यंत. एकूण दाणे किती? तीच आपली संख्या. अल् बिरुनीने हजार वर्षांपूर्वी ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत अचूक लिहून ठेवली आहे.

चौसष्ट आकडे मांडून बेरीज करायची गरज नाही. पहिल्या घरात एक जादा दाणा ठेवल्याची कल्पना करा. आता तिथे दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतकेच. ते दुसऱ्या घरात सरकवा, चार झाले, म्हणजे तिसऱ्या घराइतके. असं सरकवत गेलात की पट संपताना सगळा ढीग ‘पासष्टाव्या’ घराइतका होतो, म्हणजे २चा ६४वा घात. जादा दाणा परत काढून घ्या. म्हणून

आपली संख्या = २^६४ − १

(घातासाठी ^ ही खूण वापरतोय.) हेच तिचं कूळ. वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून चौकट करा, सारखं लागणार आहे.

२^६४ काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करायचीही गरज नाही. सहा वेळा वर्ग करा: २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि मग याचा वर्ग. वर्ग केला की घातांक दुप्पट होतो, एवढंच त्यातलं तत्त्व. छंदातले लघु-गुरूंचे प्रकार मोजण्यासाठी पिंगलाने हीच युक्ती सांगितली आहे: सम असेल तर निम्मं करून वर्ग, विषम असेल तर एक कमी करून दुप्पट. लीलावतीतला गुणोत्तर श्रेढीचा नियमही याच वळणाचा आहे.

शेवटचा वर्ग एकदा तरी हाताने करा. संख्येचे पाच-पाच अंकांचे दोन तुकडे पाडा: ४२९४९ आणि ६७२९६. (अ + ब)² च्या सूत्राने तीन गुणाकार होतात:

४२९४९ चा वर्ग = १,८४,४६,१६,६०१
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५,७८,०५,९१,८०८
६७२९६ चा वर्ग = ४,५२,८७,५१,६१६

पहिल्यापुढे दहा शून्यं, दुसऱ्यापुढे पाच, तिसरा तसाच. एकाखाली एक मांडून बेरीज करा, …५५१६१६ वर संपेल. एक वजा केला की झालं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मधल्या गुणाकारात एक हातचा विसरलो आणि नंतर दीड तास चुकीच्याच संख्येला भागत बसलो. नवांची तपासणी केली असती तर तेव्हाच कळलं असतं. ती अशी: ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, पुन्हा बेरीज १३, पुन्हा ४. चारचा वर्ग १६, त्याचे ७. आता उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, मग १६, मग ७. जुळलं. जुळलं म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, पण नाही जुळलं तर नक्की चुकलंय.

दाण्यांचं वजन किती, हा प्रश्न हटकून येतो, म्हणून घाईत सांगून टाकतो. हजार दाणे मोजून घरच्या काट्यावर ठेवा, साधारण ४० ग्रॅम भरतील. त्या हिशोबाने पटावरचा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. जगात वर्षाला पिकतो साधारण ८० कोटी टन. राजाला नऊशेहून जास्त वर्षं लागली असती.

साध्या कसोट्या

आता फोडायला सुरुवात. आधी स्वस्तातलं काम उरकून घ्यायचं.

शेवटचा अंक ५, म्हणजे ५ने भाग जातो. शेवटचे दोन अंक १५, म्हणजे २५ने जात नाही. विषम आहे, २चा प्रश्न मिटला. अंकांची बेरीज ८७, तिला ३ने भाग जातो, ९ने नाही. म्हणजे ३ आणि ५ हे दोन्ही अवयव एकेकदाच येतात.

७, ११ आणि १३ यांची कसोटी एकाच फटक्यात होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आळीपाळीने अधिक-वजा करा:

६१५ − ५५१ + ७०९ − ०७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

१०१६ ला ७ने भागलं तर बाकी १, ११ने ४, १३ने २. तिघांचीही सुट्टी. इथे गट तीन-तीनचेच हवेत, आपल्या स्वल्पविरामांचे नव्हेत. ही चूक नवख्यांकडून हमखास होते.

अंकांची बेरीज हाताशी आहेच तर आणखी एक बघून घेऊ. देवळालीचे गणितप्रेमी शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ज्या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला ‘हर्षद संख्या’ म्हटलं. आपल्या संख्येची बेरीज ८७ = ३ × २९. ३ने भाग जातो, पण २९ने भागलं तर बाकी २३ उरते. म्हणजे ही हर्षद नाही. २९ची बाकी मी वीस अंकी भागाकार न करता काढली, ती अशी: २^५ = ३२, बाकी ३. २^१० ची बाकी ९. २^२० ची ८१, म्हणजे २३, म्हणजेच −६. २^४० ची ३६, म्हणजे ७. २^६० ची ७ × (−६) = −४२, म्हणजे १६. २^६४ ची १६ × १६ = २५६, म्हणजे २४. एक वजा, २३. सगळं कूळ माहीत असल्यामुळे.

कुळाकडून फोडणं

इथून खरी मजा. सूत्र एकच: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब).

२^६४ म्हणजे २^३२ चा वर्ग, आणि १ म्हणजे १चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १)

उजवीकडचा कंसही त्याच साच्याचा आहे. तो पुन्हा फोडा, पुन्हा, पुन्हा. कांद्यासारखे पापुद्रे निघत जातात. सहा वेळा केल्यावर शेवटी २ − १ म्हणजे १ उरतो आणि हातात हे सहा तुकडे येतात:

२ + १ = ३
४ + १ = ५
१६ + १ = १७
२५६ + १ = २५७
६५,५३६ + १ = ६५,५३७
४,२९,४९,६७,२९६ + १ = ४,२९,४९,६७,२९७

विश्वास बसत नसेल तर भागून बघा. मी तर म्हणेन बघाच, कारण भागाकार फार देखणे आहेत. १५ने (३ आणि ५ एकदम) भागल्यावर १२,२९,७८,२९,३८,२४,७३,०३,४४१. त्याला १७ने भागा, ७२,३४,०१,७२,८३,८०,७६,६७३. त्याला २५७ने, २८,१४,७९,२७,१७,४३,४८९. आणि त्याला ६५,५३७ने भागलंत की नेमकी ४,२९,४९,६७,२९७. चारही वेळा बाकी शून्य. कुठे बाकी उरली तर चूक तुमच्या भागाकारात आहे, निर्धास्त मागे जा.

आता या सहांतले मूळ कोण? ३, ५, १७ उघड आहेत. २५७ साठी १६पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा (२५७ चं वर्गमूळ १६च्या किंचित पुढे), एकानेही जात नाही. उरल्या ६५,५३७ आणि ती दहा अंकी.

दहा अंकी तुकड्याचं काय?

या कुळातल्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. पिएर द फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने १६४० मध्ये पत्रातून आपला विश्वास कळवला होता की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ प्रमाणेच पुढच्या सगळ्याही मूळच निघतील. पुढची म्हणजे आपली ४,२९,४९,६७,२९७. जवळजवळ शतकभर ते तसंच राहिलं. १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं: हिला ६४१ ने भाग जातो.

नुसतं भागत बसायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे साधारण ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. त्या भरतात ६,५४२. इथेही कूळ कामाला येतं.

समजा प या मूळ संख्येने २^३२ + १ ला भाग जातो. म्हणजे २^३२ ला प ने भागलं तर बाकी −१. वर्ग करा, २^६४ ची बाकी १. म्हणजे २चे घात प ने भागत गेलात तर बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांनी पुन्हा सुरू होतं. त्याआधी नाही, कारण तसं असतं तर ३२व्या पावलावर −१ आला नसता. आता फर्माचाच एक छोटा सिद्धांत सांगतो की २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून प − १ मध्ये ६४ची पूर्ण चक्रं बसायलाच हवीत. थोडक्यात, प ही ६४च्या पटीत एक मिळवलेली संख्याच असू शकते.

यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१… यांतल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. साडेसहा हजारांऐवजी पाचव्याच प्रयत्नात सापडली! लुकास या फ्रेंच गणितज्ञाने पुढे दाखवलं की ६४ऐवजी १२८ची पट घेतली तरी चालतं. मग यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशी होते आणि तिच्यात ६४१ ही दुसरीच मूळ संख्या. गंमत म्हणजे तो छोटा सिद्धांत फर्माने त्याच १६४० साली लिहून कळवला होता. हत्यार त्याच्याच घरात होतं.

आता ६४१ ने खरंच भाग जातो हे भागाकार न करता बघा. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते:

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ५ × २^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१. दोन्हींचा चौथा घात करा, ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून, बाकीच्या हिशोबात ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. ठेवा. −२^४ × २^२८ म्हणजे −२^३२, आणि त्याची बाकी १. म्हणून २^३२ ची बाकी −१, आणि २^३२ + १ ची शून्य. ही चार वाक्यं मला गणितातल्या सगळ्यात सुंदर चार वाक्यांपैकी वाटतात. एकदा समजली की चहा होईपर्यंत कुणालाही समजावता येतात.

तरीही भागाकार कराच, कारण त्यात एक सापळा आहे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. पुढचा ९ घ्या, ४४८९ मध्ये सात वेळा, बाकी फक्त २. आता ६ घेतला तर २६, भाग जात नाही, भागाकारात शून्य लिहा. ७ घेतला, २६७, अजूनही नाही, पुन्हा शून्य. २ घेतला, २६७२ मध्ये चार वेळा, बाकी १०८. ९ घेऊन १०८९, एकदा, बाकी ४४८. शेवटचा ७ घेऊन ४४८७, बरोबर सात वेळा, बाकी शून्य. उत्तर ६७,००,४१७. मधली दोन शून्यं विसरलात तर ६७,४१७ येतं आणि पुढचं सगळं कोसळतं.

दोन शेवटच्या शंका

६७,००,४१७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. पण तिचा कुठलाही मूळ अवयव हा २^३२ + १ चाही अवयव असणार, म्हणजे तोसुद्धा १२८ची पट अधिक १ असाच हवा. २,५८८ पर्यंत अशा वीस संख्या आहेत. त्यांतल्या १५३७ (२९ × ५३) किंवा २१७७ (७ × ३११) सारख्या फसव्या संख्या बाजूला काढल्या की मूळ अशा पाचच उरतात. बाक्या देतो, तुमच्याशी ताडून बघा:

२५७ ने भागल्यास बाकी १७०
६४१ ने, ४४
७६९ ने, १२०
११५३ ने, ३३४
१४०९ ने, ६२२

एकही शून्य नाही. मूळ आहे. सात अंकी संख्या पाच भागाकारांत सिद्ध!

६५,५३७ ला तर याहून कमी कष्ट. ती २^१६ + १ आहे, तेव्हा लुकासच्या त्याच नियमाने तिचे अवयव ६४ची पट अधिक १ असायला हवेत आणि २५६ च्या आत. म्हणजे ६५, १२९, १९३. मूळ फक्त १९३. भागा, बाकी ११०. मूळ आहे.

तर पूर्ण फोड अशी:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

फोड हाती आल्यावर काय काय सांगता येतं

सात मूळ अवयव, सगळे वेगळे, एकही दोनदा नाही. कुठलाही विभाजक बनवायचा तर प्रत्येक अवयव घ्यायचा की सोडायचा एवढंच ठरवायचं. सात वेळा दोन-दोन पर्याय, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८. काहीच न घेतलेला विभाजक १ आणि सगळे घेतलेला स्वतः संख्या. एखादा अवयव दोनदा आला असता तर त्याच्यासाठी पर्याय तीन झाले असते: एकदाही नाही, एकदा, दोनदा. हे लक्षात ठेवा, लवकरच लागेल.

स्वतः सोडून बाकी १२७ विभाजकांची बेरीज संख्येच्या साधारण ७० टक्केच भरते. ६ किंवा २८ सारख्या परिपूर्ण संख्यांत ती शंभर टक्के असते. ही त्या अर्थाने न्यून.

अर्ध्या पटाकडेही बघून घ्या. पहिल्या ३२ घरांतले दाणे २^३२ − १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५, आणि ही संख्या ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ आहे. पाचही फर्माच्या मूळ संख्या, दुसरं काही नाही. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने शोधलं की पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. त्याच विचाराने, फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्या गुणून येणाऱ्या कुठल्याही बाजूसंख्येचा बहुभुज काढता येतो. अशा विषम बाजूसंख्या आजवर ३१च माहीत आहेत, आणि त्या म्हणजे अर्ध्या पटाचे १ सोडून बाकी सगळे विभाजक. पूर्ण पटाला मात्र हे भाग्य नाही, कारण ६४१ आणि ६७,००,४१७ त्या पंक्तीत बसत नाहीत.

शेजारी मात्र वेगळा निघतो

आपल्या संख्येत फक्त २ मिळवा: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हीसुद्धा वीस अंकी, हीसुद्धा फर्मा कुळातली, २^६४ + १. पण इथे मध्ये वजाऐवजी अधिक आहे, त्यामुळे दोन वर्गांच्या फरकाचं सूत्र लागत नाही आणि पापुद्रे निघत नाहीत. हिची फोड २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ अशी आहे, आणि ती १८८० मध्ये लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने वयाच्या ८२व्या वर्षी प्रसिद्ध केली. २,७४,१७७ ही २५६ची १०७१ पट अधिक १ आहे. म्हणजे अवयवांचा साचा हिलाही आहे, पण आपल्याला पाचव्या पायरीवर मिळालं ते इथे हजाराच्या पुढे दडलेलं. आकार सारखा असला म्हणून दोन संख्या सारख्या कष्टात फुटत नाहीत.

आता एक तुम्ही फोडा

लीलावतीत एक उदाहरण आहे: कुणी एकाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देत गेला, तर महिन्यात किती निष्क दिले? महिना तीस दिवसांचा. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क.

जादा दाण्याची युक्ती इथेही चालते, फक्त जादा दोन कवड्या ठेवा. एकूण कवड्या २^३१ − २, म्हणजे २,१४,७४,८३,६४६. निष्कांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. (यात एक मिळवलात तर २,१४,७४,८३,६४७ होते. ती मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं, आणि संगणकाच्या ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्याही तीच.)

फोडताना २ बाहेर काढा, २^३० − १ उरतं. वर्गांच्या फरकाने ते ३२,७६९ × ३२,७६७ होतं. पुढे मात्र ३० विषम १५ वर अडतं, तेव्हा वर्ग संपले, घन आणि पाचव्या घातांच्या फोडी वापरा: २^१५ − १ ला २^३ − १ नेही भाग जातो आणि २^५ − १ नेही. ९ची कसोटी विसरू नका, अंकांची बेरीज ४५ आहे.

शेवटी हे मिळायला हवं: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. ३ दोनदा आलाय, म्हणून त्याचे पर्याय तीन आणि बाकी सहांचे दोन-दोन. विभाजक १९२. लीलावतीतल्या दहा अंकी संख्येचे १९२, आणि पटावरच्या वीस अंकी संख्येचे १२८.